बखर, पडदा आणि प्रयोगवही: शास्त्रज्ञांची चरित्रं कशी सांगितली जातात



या मालेत आपण विज्ञानाच्या इतिहासाकडे थोड्या वेगवेगळ्या खिडक्यांतून बघतो आहोत. आजची खिडकी जरा विचित्र आहे. आज विज्ञानात काय घडलं याच्याइतकंच ते आपल्यापर्यंत पोचलं कसं, हेही बघायचं आहे. आपल्याला शास्त्रज्ञ माहीत असतात ते कुठून? त्यांचे शोधनिबंध आपण वाचलेले नसतात. आपण त्यांच्या आठवणी वाचतो, त्यांची चरित्रं वाचतो आणि अलीकडे तर त्यांच्यावरचे चित्रपट बघतो. म्हणजे आपल्या मनातला शास्त्रज्ञ हा बराचसा लेखकानं आणि दिग्दर्शकानं घडवलेला असतो.

आता ‘चित्रपट खोटे, कागद खरे’ असं म्हणून हा विषय पाच मिनिटांत संपवता येईल. पण ते फार सोपं होईल, आणि त्यातून हाती काही लागणार नाही. आपला प्रश्न वेगळा आहे. एखाद्या माणसाच्या कामाची गोष्ट होते, तेव्हा त्या माणसाचं काय होतं? आणि त्या कामाचं काय होतं? यासाठी आपण एकच उदाहरण नीट घेऊ: डीएनएच्या रचनेचा शोध, आणि त्यात सापडलेल्या, किंवा हरवलेल्या म्हणा, रोझलिंड फ्रँकलिन.

पण त्याआधी एक पाऊल मागे जाऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शास्त्रज्ञाचं चरित्र म्हणजे जवळपास संतचरित्र असे. त्याचा उत्तम नमुना म्हणजे मेरी क्यूरींच्या धाकट्या मुलीनं, ईव्हनं लिहिलेलं आईचं चरित्र. ते १९३७ साली आलं आणि जगभर वाचलं गेलं. गरिबी, ध्येय, गळकं शेड, टनावारी पिचब्लेंड ढवळणारी आई, हे सगळं त्यात आहे आणि ते खरंही आहे. पण १९११ साली पॉल लांजव्हँ यांच्याशी असलेल्या संबंधांवरून पॅरिसच्या वर्तमानपत्रांनी मेरीबाईंना कसं छळलं, ही हकिगत त्यात नीट येत नाही. लेकीनं आईचं चरित्र लिहिलं आहे, आपण ते समजू शकतो. पुढे १९४३ साली याच पुस्तकावर हॉलिवूडनं चित्रपट काढला. त्यात पात्रात काहीच उरलेलं दिसत नाही, नुसता डाग दिसतो. नवरा-बायको निराश होतात, आणि मग रात्री परत येऊन बघतात तर तो डाग अंधारात चमकतो आहे.

आता बघा, अंधारात चमकणाऱ्या नळ्या खऱ्याच होत्या. मेरीबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे की रात्री शेडमध्ये जाऊन तो मंद उजेड बघायला त्यांना आवडायचं. पण तो शोधाचा क्षण नव्हता. शोध म्हणजे स्फटिक करा, विरघळवा, पुन्हा स्फटिक करा, असं हजारो वेळा केलेलं काम होतं. त्यातून १९०२ साली एक दशांश ग्रॅम रेडियम क्लोराइड हाताला लागलं. त्यात आंद्रे दबिएर्न यांच्यासारखे सहकारी होते, कच्च्या मालावर पहिली प्रक्रिया करून देणारा कारखाना होता. पडद्यावर उरलं काय? दोन चेहरे आणि एक उजेड.

मराठीत आपल्याला हा साचा परका नाही. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ आपल्याकडे घराघरांत वाचलं गेलं, शाळेत बक्षीस म्हणून दिलं गेलं. कष्टातून वर आलेला, निर्लोभ, मातीशी नातं सांगणारा शास्त्रज्ञ आपल्या मनात बसला तो त्या पुस्तकानं. या साच्याला आम्ही नावं ठेवत नाही. मुलांना विज्ञानाकडे वळवणारा हाच साचा होता. फक्त त्याचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवू: या चरित्रांत शास्त्रज्ञ चांगला माणूस असतो, आणि शोध हे जणू त्या चांगुलपणाचं फळ असतं.

हा साचा १९६८ साली एका माणसानं मोडला. जेम्स वॉटसन. पुस्तक ‘द डबल हेलिक्स’.

१९५३ साली वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी केंब्रिजमध्ये डीएनएची दुहेरी पिळाची रचना मांडली. १९६२ साली त्यांना आणि लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मॉरिस विल्किन्स यांना मिळून नोबेल पारितोषिक मिळालं. त्यानंतर वॉटसननी या शोधाची हकिगत लिहिली. आणि लिहिली ती कशी? पंचविशीही न गाठलेल्या पोराच्या तोंडून. त्यात महत्त्वाकांक्षा आहे, मत्सर आहे, टेनिस आहे, पार्ट्या आहेत, पोरींच्या मागे फिरणं आहे, आणि लायनस पॉलिंगच्या आधी आपण पोचलं पाहिजे ही धडपड आहे. शास्त्रज्ञही आपल्यासारखेच हावरे असतात, हे इतक्या उघडपणे कोणी सांगितलं नव्हतं. क्रिक आणि विल्किन्स दोघांनीही हरकत घेतली. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेनं पुस्तक छापायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. शेवटी दुसऱ्या प्रकाशकानं ते काढलं आणि ते धडाधड खपलं.

या पुस्तकाचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांनी १९६३ साली बीबीसीवरच्या एका भाषणात एक खोचक प्रश्न विचारला होता: शोधनिबंध ही एक फसवणूक आहे का? त्यांचं म्हणणं असं की निबंधात सगळं ओळीनं येतं. आधी निरीक्षण, मग निष्कर्ष. प्रत्यक्षात आधी अंदाज असतो, चुका असतात, आंधळ्या गल्ल्या असतात. निबंध ते सगळं पुसून टाकतो. तत्त्वज्ञानात आम्ही हान्स रायशेनबाख यांचा एक भेद शिकवत असू: शोध लागतो कसा ही एक गोष्ट, आणि तो सिद्ध होतो कसा ही दुसरी. निबंधात दुसरी गोष्ट असते. वॉटसननी पहिली सांगितली, आणि मेडावार यांना ते पुस्तक आवडलं यात नवल नाही.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की ‘असं घडलं’ असं सांगणारा माणूस त्या घटनेतला एक पक्ष होता. आणि ज्या व्यक्तीबद्दल तो सगळ्यात वाईट बोलला, ती उत्तर द्यायला हयात नव्हती.

त्या पुस्तकात एक ‘रोझी’ आहे. विल्किन्स यांची सहायक, पण त्यांचं न ऐकणारी. चिडकी. आपल्याच माहितीवर बसून राहिलेली. कपड्यांकडे, दिसण्याकडे लक्ष न देणारी. तिला कुठेतरी दुसरीकडे पाठवायला हवं, असं विल्किन्सना वाटत असणारच, असा एकूण सूर. ही रोझी म्हणजे रोझलिंड फ्रँकलिन. त्यांच्या तोंडावर त्यांना या नावानं कोणी हाक मारत नसे. १६ एप्रिल १९५८ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, अंडाशयाच्या कर्करोगानं त्या गेल्या. पुस्तकाच्या उपसंहारात वॉटसननी त्यांच्या कामाची थोरवी मान्य केली आहे आणि आपली सुरुवातीची मतं चुकीची होती असंही म्हटलं आहे. पण उपसंहार दोन पानांचा, आणि रोझी पुस्तकभर. वाचकाच्या लक्षात कोण राहणार?

इथे आपल्याला आपल्याच घरातली एक गोष्ट उपयोगी पडते. मराठ्यांचा इतिहास फार काळ बखरींवरून सांगितला गेला. बखर रसाळ असते. तिच्यात संवाद असतात, नायक असतो, खलनायक असतो. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापर्यंतच्या दहा-अकरा वर्षांतली मूळ पत्रं होती. त्यांचा आग्रह एवढाच की घटना घडत असताना लिहिलेलं अस्सल चिठोरं हे मागाहून रंगवून लिहिलेल्या बखरीपेक्षा मोलाचं. ‘द डबल हेलिक्स’ ही डीएनएची बखर आहे. उत्तम बखर आहे. घटनेनंतर पंधरा वर्षांनी, विजेत्याच्या बाजूनं लिहिलेली. तेव्हा आपण राजवाड्यांचा मार्ग धरू आणि चिठोरी बघू.

पहिलं चिठोरं: ४ डिसेंबर १९५० चं एक पत्र. किंग्ज कॉलेजमधल्या विभागाचे प्रमुख जॉन रँडल यांनी ते पॅरिसमध्ये काम करणाऱ्या फ्रँकलिनना लिहिलं. त्यात सांगितलं आहे की डीएनएवरचं क्ष-किरणांचं काम तूर्त तुम्ही आणि रेमंड गॉस्लिंग हा विद्यार्थी, एवढेच बघाल. हे विल्किन्सना कोणी सांगितलंच नाही. फ्रँकलिन १९५१ च्या जानेवारीत आल्या त्या स्वतंत्र संशोधक म्हणून. विल्किन्सना वाटलं आपल्या गटात मदतनीस आली. पुढचं सगळं वितुष्ट इथून सुरू झालं. म्हणजे बखरीतली ‘न ऐकणारी सहायक’ मुळात सहायकच नव्हती. एका पत्रानं अख्ख्या स्वभावचित्राचा पाया सरकतो. ज्याला हट्टीपणा म्हटलं गेलं तो आपल्याला नेमून दिलेलं काम आपणच करण्याचा साधा आग्रह होता. दोष होता तो दोघांना दोन गोष्टी सांगणाऱ्या प्रमुखाचा. पण गोष्टीत प्रशासनाचा घोळ रंगत नाही. स्वभाव रंगतो.

दुसरी हकिगत नोव्हेंबर १९५१ ची. फ्रँकलिननी किंग्जमध्ये आपल्या कामावर व्याख्यान दिलं. वॉटसन ऐकायला गेले होते. टिपणं काढली नाहीत, हे त्यांनीच सांगितलं आहे. केंब्रिजला परतल्यावर स्मरणातून त्यांनी डीएनएतल्या पाण्याचं प्रमाण क्रिकना सांगितलं, ते साफ चुकीचं. त्यावर दोघांनी तीन साखळ्यांची प्रतिकृती उभी केली, फॉस्फेट आत ठेवून. फ्रँकलिन आल्या, त्यांनी बघितलं आणि ती प्रतिकृती तिथल्या तिथे निकालात काढली. एवढं पाणी सहज आत-बाहेर करतं, तर पाण्याला ओढणारे फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असले पाहिजेत, हा त्यांचा मुद्दा. तो बरोबर होता. प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स ब्रॅग यांनी दोघांना डीएनएचं काम थांबवायला सांगितलं. गंमत बघा, ज्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवल्यानं ही फजिती झाली, तिच्यावरच पुढे साऱ्या जगानं भरवसा ठेवला.

तिसरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असलेली: छायाचित्र क्रमांक ५१. मे १९५२ मध्ये फ्रँकलिन यांच्या देखरेखीखाली गॉस्लिंगनी ते घेतलं. डीएनएचे दोन प्रकार असतात, कोरडा ‘ए’ आणि ओलसर ‘बी’, हे वेगळे करून दाखवणं हीच मुळात फ्रँकलिन यांची कामगिरी. हे छायाचित्र ‘बी’चं. मधोमध काट्यासारखी फुली दिसते. १९५३ च्या ३० जानेवारीला विल्किन्सनी ते वॉटसनना दाखवलं. फ्रँकलिनना न विचारता. बखरीत हाच तो क्षण आहे: चित्र बघितलं, छाती धडधडली, सगळं उलगडलं.

आता जरा थांबून विचार करू. एका छायाचित्रावरून काय कळतं? फुली दिसली की रचना पिळाची आहे हे कळतं. पण तेही कोणाला? फुली म्हणजे पीळ, हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी आधी गणित लागतं. ते गणित क्रिक, विल्यम कॉक्रन आणि व्लादिमिर वांड यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलं होतं. किंग्जमध्ये अलेक्स स्टोक्स यांनीही ते स्वतंत्रपणे केलं होतं. नुसतं बघून ज्ञान होत नाही. कशाकडे बघतो आहोत ते आधी ठाऊक असावं लागतं. आणि ती रचना पिळाची असावी असा अंदाज तर किंग्जमध्ये आधीपासूनच होता. साखळ्या किती, त्यांच्या दिशा कोणत्या, आतली रचना कशी, हे त्या चित्रावरून वाचता येत नाही.

ते आलं दुसरीकडून, आणि दुसरीकडून म्हणजे एका रूक्ष सरकारी अहवालातून. डिसेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेची समिती किंग्जला भेट देऊन गेली. त्या निमित्तानं विभागानं कामाचा अहवाल दिला. त्यात फ्रँकलिन आणि गॉस्लिंग यांची मोजमापं होती: स्फटिकातल्या एककाची मापं आणि त्याची सममिती. समितीचे एक सदस्य मॅक्स पेरुत्झ, म्हणजे क्रिकचे मार्गदर्शक. त्यांनी फेब्रुवारी १९५३ मध्ये अहवाल क्रिकना दिला. योगायोग असा की क्रिक घोड्याच्या हिमोग्लोबिनवर काम करत होते आणि त्याची सममिती त्याच प्रकारची होती. आकडे वाचताच त्यांना कळलं की दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशेनं जातात. त्यानंतर जेरी डोनह्यू यांनी वॉटसनना सांगितलं की तुम्ही क्रमिक पुस्तकांतून घेतलेली तळघटकांची रूपं चुकीची आहेत. ते दुरुस्त केल्यावर २८ फेब्रुवारीला पुठ्ठ्याचे तुकडे जुळले: ॲडेनीनशी थायमीन, ग्वानीनशी सायटोसीन. हे घटक जोडीजोडीनं सारख्या प्रमाणात असतात, हे एर्विन शारगाफ यांनी आधीच मोजून ठेवलं होतं.

वॉटसननी हा अहवाल लपवलेला नाही, पुस्तकात त्याचा उल्लेख आहे. पण क्षण दिला तो छायाचित्राला. का? कारण छायाचित्र हे दृश्य आहे. अहवाल वाचणारा माणूस हे दृश्य नाही. बखरकाराला हे बरोबर कळतं.

आणि फ्रँकलिन यांच्या टिपणवह्या काय सांगतात? त्या वह्या पुढे ॲरन क्लुग यांनी तपासल्या आणि १९६८ पासून त्यावर लिहिलं. फ्रँकलिन बराच काळ ‘ए’ प्रकाराच्या किचकट गणितात गुंतल्या होत्या, आणि ‘ए’ पिळाचाच आहे का याबद्दल साशंक होत्या. पण २४ फेब्रुवारीपर्यंत दोन्ही प्रकार दुहेरी पिळाचे आहेत इथपर्यंत त्या आल्या होत्या. उलट दिशा आणि तळघटकांच्या जोड्या, या दोन पायऱ्या राहिल्या होत्या. म्हणजे त्या आंधळ्याही नव्हत्या आणि पोचलेल्याही नव्हत्या. वाटेत होत्या. बखरीला ‘वाटेत असलेलं’ पात्र चालत नाही.

आता या गोष्टीचा दुसरा अंक, जो आम्हाला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. वॉटसन यांच्या पुस्तकावर संतापून फ्रँकलिन यांची मैत्रीण ॲन सेयर हिनं १९७५ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. ते लिहिलं जाणं गरजेचंच होतं. १९८७ साली बीबीसीनं ‘लाइफ स्टोरी’ हा चित्रपट केला. जेफ गोल्डब्लम वॉटसन झाले, ज्युलिएट स्टीव्हनसन फ्रँकलिन. चित्रपट चांगला आहे. त्यात फ्रँकलिन यांना माणूस म्हणून जागा मिळाली. २००२ साली ब्रेंडा मॅडॉक्स यांचं विस्तृत चरित्र आलं. ॲना झीग्लर यांचं ‘फोटोग्राफ ५१’ हे नाटक आलं. २०१५ साली लंडनमध्ये त्यात निकोल किडमन फ्रँकलिन झाल्या. मराठीतही वीणा गवाणकरांनी रोझलिंड फ्रँकलिन यांचं चरित्र लिहिलं. आज शाळकरी मुलालाही विचारलं तर तो सांगेल: तिचा फोटो चोरला आणि नोबेल घेतलं.

नीट लक्ष द्या इथे. ‘चोरलेला फोटो’ हे दृश्य आलं कुठून? वॉटसन यांच्याच पुस्तकातून. शोध एका चित्रात, एका क्षणात लागला, हे त्यांनीच सांगितलं होतं. रोझलिंडच्या कैवाऱ्यांनी नायक बदलला, खलनायक बदलला, पण गोष्टीचा सांगाडा तोच ठेवला. आधी त्या रागीट अडथळा होत्या, आता त्या लुबाडल्या गेलेल्या झाल्या. दोन्हीकडे त्या एका छायाचित्राच्या धनी, एवढ्याच. इतिहासकार मॅथ्यू कॉब आणि नॅथॅनियल कम्फर्ट यांनी २०२३ साली ‘नेचर’मध्ये जुन्या कागदांच्या आधारे हेच मांडलं. १९५३ सालचा ‘टाइम’ साप्ताहिकासाठीचा एक लेख, जो छापलाच गेला नाही, त्याचा मसुदा त्यांना मिळाला. त्यात हा शोध दोन गटांनी मिळून केलेला म्हणून रंगवला आहे. त्यांचं म्हणणं असं की फ्रँकलिन लुबाडल्या गेलेल्या बिचाऱ्या नव्हत्या. चौघांच्या शोधातल्या बरोबरीच्या वाटेकरी होत्या.

याचा अर्थ अन्याय झाला नाही असा होतो का? मुळीच नाही. त्यांची मोजमापं त्यांच्या नकळत वापरली गेली. २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये वॉटसन-क्रिकच्या निबंधात त्यांचा उल्लेख आहे तो किंग्जच्या अप्रकाशित कामाची साधारण कल्पना होती, एवढाच, त्या कामावर आपली मांडणी उभी आहे हे त्यातून कळत नाही. हा अन्याय आहे. पण बघा, हा अन्याय श्रेयनोंदीचा आहे. तो समजायला मोजमाप म्हणजे काय, सममिती म्हणजे काय हे समजून घ्यावं लागतं. चोरीला गेलेल्या फोटोला तेवढे कष्ट पडत नाहीत. आणि नोबेलचं म्हणाल तर १९६२ साली त्या हयात नव्हत्या, आणि ते पारितोषिक मरणोत्तर दिलं जात नाही.

यात मोठं नुकसान कोणाचं झालं? त्यांच्या उरलेल्या आयुष्याचं. त्या १९५३ च्या मार्चमध्ये किंग्ज सोडून बर्नाल यांच्याकडे बर्कबेक कॉलेजला गेल्या. पाच वर्षं तिथे तंबाखूवरच्या मोझॅक विषाणूवर काम केलं, पुढे पोलिओच्या विषाणूकडे वळल्या. त्याआधी कोळशावर केलेलं काम तर वेगळंच. क्लुग त्यांचे तिथले सहकारी; विषाणूंच्या याच वाटेवर पुढे जाऊन त्यांना १९८२ चं नोबेल मिळालं. क्रिक पतिपत्नींशी फ्रँकलिन यांची मैत्री झाली. आजारपणात, शस्त्रक्रियेनंतर त्या काही दिवस क्रिककडेच राहिल्या होत्या. हे नाटकाच्या चौकटीत बसत नाही. बळीनं शत्रूच्या घरी विश्रांतीला जायचं नसतं. म्हणून ते गाळलं जातं, आणि रोझलिंड फ्रँकलिन यांचं अख्खं आयुष्य किंग्जमधल्या सव्वादोन वर्षांचं होऊन जातं.

हे फक्त त्यांच्याच बाबतीत होतं असं नाही. गणितज्ञ जॉन नॅश यांच्यावरचा ‘अ ब्युटिफुल माइंड’ घ्या, २००१ सालचा. नॅश यांना प्रामुख्यानं आवाज ऐकू यायचे. पडद्यावर त्यांना माणसं दिसतात, कारण आवाज दाखवता येत नाही. इथपर्यंत ठीक. पण शेवटी चित्रपटातले नॅश सांगतात की मी नवी औषधं घेतो. खऱ्या नॅशनी १९७० नंतर औषधं घेतली नव्हती. सत्य तसंच दाखवलं असतं तर कोणी औषधं सोडली असती, ही काळजी त्यामागे होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणजे चरित्रपटापुढे असेही पेच असतात. मात्र ‘द इमिटेशन गेम’ या २०१४ च्या चित्रपटाचं समर्थन आम्हाला जमत नाही. त्यात ॲलन ट्युरिंग यांना सोव्हिएत हेराचं गुपित धमकीमुळे पोटात ठेवताना दाखवलं आहे. असं काही घडलं नव्हतं. नाट्य वाढावं म्हणून एका निरपराध माणसाला देशद्रोहाच्या कडेला नेऊन उभं केलं. आणि ज्या पोलिश गणितज्ञांनी १९३२ पासून एनिग्मा फोडण्याची वाट दाखवली, ते जवळजवळ अदृश्य.

आपल्याकडे ‘रॉकेट बॉइज’ ही मालिका २०२२ साली आली. अणुऊर्जेचा आणि अवकाशाचा इतिहास नव्या पिढीनं आवडीनं बघितला, हे चांगलंच झालं. पण तिच्यात होमी भाभांपुढे उभा केलेला रझा मेहदी हा कल्पित आहे. ते पात्र बघताना अनेकांना मेघनाद साहा आठवले, आणि त्यावर टीका झाली. साहा आणि भाभा यांच्यातले खरे मतभेद धोरणाचे होते: अणुसंशोधन विद्यापीठांत व्हावं की वेगळ्या, बंदिस्त संस्थांत? त्यात संसदेचं काय स्थान? हे प्रश्न आजही जिवंत आहेत. पडद्यावर ते दोन माणसांच्या खुन्नशीत विरघळले.

तर मग करायचं काय? प्रयोगवही तेवढी खरी मानायची? नाही. राजवाड्यांच्या मार्गालाही मर्यादा आहे. फ्रँकलिन यांच्या वहीत पाण्याचं प्रमाण आहे, तारखा आहेत. पण किंग्जमधल्या त्या थंड वातावरणात, जिथे वरिष्ठांच्या एका जेवणाच्या खोलीत बायकांना प्रवेश नव्हता, तिथे दिवस कसे काढले हे वहीत नाही. ते मैत्रिणीच्या पुस्तकातूनच कळतं, आणि मैत्रीण तरी तटस्थ कशी असेल? हौशी वॉटसन नसते तर विज्ञानातली ईर्षा आपल्याला कळली नसती. बखरही साधन आहे. तिला साक्ष म्हणून वाचावं, निकाल म्हणून वाचू नये. साक्षीदाराची उलटतपासणी करायची असते, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

म्हणून शास्त्रज्ञाचं आत्मकथन वाचताना, चित्रपट बघताना दोन-तीन साधे प्रश्न मनात ठेवावेत असं आम्ही सुचवू. हे कोण सांगतंय, आणि त्या वेळी ते कोणत्या बाजूला होतं? ज्यांनी पुस्तक लिहिलं नाही ते कुठे आहेत? छायाचित्र घेणारे गॉस्लिंग घ्या. त्यांचं नाव किती जणांना माहीत असतं? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: एका क्षणात सगळं उलगडलं असं दाखवलं असेल, तर त्या क्षणाच्या आधीची वर्षं कुठे गेली?

हा शेवटचा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. आज एखादी मुलगी पदव्युत्तर प्रयोगशाळेत रोज तेच मोजमाप करत बसलेली असते. तिनं बघितलेल्या प्रत्येक चित्रपटात बुद्धिमान माणसाला काचेवर समीकरण लिहिताना एकदम साक्षात्कार होतो. तिला होत नाही. मग तिला वाटतं, आपण यातले नव्हे. तिला कोणीतरी सांगायला हवं की वॉटसन-क्रिक यांच्या साक्षात्काराखाली जे आकडे होते ते असेच, रोज, दमटपणा नियंत्रित करून, कित्येक तास क्ष-किरणांपुढे धागा धरून मिळवलेले होते. तेच विज्ञान होतं.

शेवटी एक गोष्ट सांगून थांबतो. रोझलिंड फ्रँकलिन यांची कबर लंडनमध्ये विल्सडेनच्या ज्यू दफनभूमीत आहे. तिच्यावरच्या लेखात त्यांना शास्त्रज्ञ म्हटलं आहे, आणि विषाणूंवरचं त्यांचं संशोधन मानवजातीला कायम उपयोगी राहील असं म्हटलं आहे. डीएनएचा त्यात उल्लेख नाही. छायाचित्र ५१ चाही नाही. त्यांच्या माणसांना त्यांचं काम म्हणून जे माहीत होतं, ते त्यांनी दगडावर लिहिलं. तेव्हा ना पुस्तक आलं होतं, ना चित्रपट.